मूठ मालकाची, पोलाद परवान्याचे

नाशिकमध्ये रिव्हॉल्वरचा विषय निघाला की बोलणे २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीपाशी येते. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी कोसळला. ही हकीगत सांगताना अनेकजण सहज 'रिव्हॉल्वर' म्हणून जातात. पण ते शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याकरवी पाठवलेल्या वीस पिस्तुलांचा संबंध पुढे खटल्यात जोडला गेला. आपल्या भाषेत पिस्तूल, रिव्हॉल्वर आणि बंदूक हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल बसतात, आणि वर्तमानपत्रांनी त्यात 'कट्टा' घातला आहे. बातमीपुरते ते चालते. पण ज्याला परवाना काढून असे शस्त्र बाळगायचे आहे आणि वर त्यात आपल्या आवडीचे फेरफारही करायचे आहेत, त्याला ही ढिलाई परवडत नाही. कशाला हात लावता येतो आणि कशाला नाही, हे शस्त्राच्या पोटातली रचनाच ठरवते.

रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसतात आणि एकेक घर नळीसमोर येते. त्यातला सिंगल-ॲक्शन हा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा प्रकार. यात चाप एकच काम करतो, मागे ताणून धरलेला घोडा सोडण्याचे. घोडा ताणायचा तो अंगठ्याने, आणि तो ताणतानाच सिलिंडर एक घर पुढे सरकते. प्रत्येक गोळीला अंगठा आणि तर्जनी अशी दोन बोटांची दोन कामे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये याचे अमेरिकी पेटंट घेतले. त्याआधी, १८३० मध्ये, सोळा वर्षांचा हा पोरगा 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीला निघाला होता, आणि याच सफरीत त्याने फिरत्या सिलिंडरचा लाकडी नमुना कोरला, असे सांगतात. या कल्पनेच्या जन्मकथेत हिंदुस्थानची वाट आहे, ती अशी. पुढे १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्सने चाप ओढताच घोडाही आपोआप चढेल अशी रचना केली. १८५६ च्या सुधारित ॲडम्समध्ये दोन्ही सोयी आल्या, आणि १८५७ च्या धामधुमीत अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ती होती. म्हणजे सिंगल-ॲक्शन रचना व्यवहारात मागे पडू लागली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी १८७३ चे कोल्ट आजही बनते, विकले जाते आणि त्याच्यावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. त्यामागे नुसता चित्रपटांतल्या काउबॉयचा प्रभाव नाही. मोजके भाग, हातात नीट बसणारी मूठ आणि प्रत्येक गोळीआधी करावी लागणारी जाणीवपूर्वक हालचाल, या गोष्टींचे आकर्षण खरे आहे.

याच साधेपणामुळे ते 'आपल्यासारखे' करून घेण्याचा मोह होतो. अमेरिकेत तर हा स्वतंत्र धंदा आहे. चाप हलका करणे, स्प्रिंग बदलणे, नळी आखूड करणे, घोड्याचे बोंड खाली वाकवणे, वर नक्षी कोरणे. माझे म्हणणे असे, की यातली बहुतेक कामे भारतात करता येत नाहीत याचे कारण केवळ सरकारी आडमुठेपणा नाही. जे कायद्याने रोखले आहे त्यातले बरेचसे यंत्राच्या तर्कानेही रोखलेलेच आहे. जुन्या कोल्टचा घोडा पाहा. त्याच्या बुडाशी तीन खाचा असतात: एक सुरक्षेची, एक काडतूस भरण्याची, एक पूर्ण ताणाची. चापाचे टोक त्या खाचेत अडकते, आणि ताणलेला घोडा व फुटणारे काडतूस यांच्यामध्ये फक्त ती अडकण असते. चाप 'लोण्यासारखा' हवा म्हणून खाचेची कड घासली जाते. पण या भागांचे पोलाद अनेकदा वरच्या पातळ थरापुरतेच कडक केलेले असते. कानशीने तो थर गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो. पहिले काही दिवस चाप मोठा झोकात चालतो, मग कड झिजते आणि एक दिवस बोट न लावता घोडा सुटतो. मुख्य स्प्रिंग हलकी केली तर घोड्याचा ठोका हलका पडतो आणि काडतूस पेटतच नाही, किंवा क्षणभर उशिरा पेटते, जे त्याहून वाईट. सुरक्षेची म्हणवणारी खाच तरी किती भरवशाची? घोड्यावर जोराचा आघात झाला तर ती मोडू शकते. म्हणूनच सहा घरांच्या कोल्टमध्ये पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, असा रिवाज पडला.

या दोषावर खरा उपाय निघाला तो कारखान्यात. अमेरिकेतल्या रूगर कंपनीने १९७३ मध्ये घोडा आणि काडतूस फोडणारा आघातखिळा यांच्यामध्ये एक पट्टी आणली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका खिळ्यापर्यंत पोचवते. १९८२ पासून ही कंपनी आपल्या जुन्या मॉडेलांमध्ये असाच बदल फुकट करून देते, पण शस्त्र कारखान्यात पाठवावे लागते. हौशी माणसाने घरी बसवायला ते भाग ती देत नाही. आणि हे त्या देशात, जिथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे.

आता नाशिककराकडे येऊ. शहर हद्दीत परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. खासगी व्यक्तीला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांसारखे अपवाद सोडले, तर नवे कोल्ट किंवा रूगर हाती येण्याचा प्रश्नच नाही. लष्कराची काडतुसे चालतील अशा .३८० आणि .४५५ सारख्या बोअर, म्हणजे नळीच्या आतली मापे, 'निषिद्ध' वर्गात आहेत. बहुतेकांसाठी उरते ते .३२ चे सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्वर. त्यातलेच टायटॅनियम मिश्रधातूचे 'निर्भीक' २०१४ मध्ये आले तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होते. ही डबल-ॲक्शन रचना आहे, म्हणजे चाप ओढूनच घोडा चढतो आणि सुटतोही. पण अंगठ्याने घोडा चढवला की तीही सिंगल-ॲक्शनसारखीच वागते, आणि चाप एकदम हलका लागतो. ज्याला त्या जुन्या पद्धतीची गोडी आहे, त्याला ती काहीही न घासता इथेच मिळते, याकडे हौशी मंडळींचे लक्ष फारसे जात नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ फेरफाराबाबत नेमका बोलतो. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, त्याचे रूपांतर करणे, दुरुस्ती करणे, चाचणी घेणे या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात हे बसत नाही. कलम ६ नळी आखूड करण्यावर वेगळे बंधन घालते. कलम ८ ओळखखुणा पुसण्यावर बंदी घालते. २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि बेकायदा निर्मिती, रूपांतर किंवा नळी तोडण्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. एवढी कडक का? कायद्याच्या लेखी शस्त्राची ओळख पोलादात कोरलेली असते: क्रमांक, बोअर, बनावट. परवान्यात हेच लिहिले जाते. जळगावच्या सीमेलगत मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येणाऱ्या गावठी कट्ट्याला ही ओळखच नसते, आणि ज्यादा दाबाच्या काडतुसाने घेतलेली कारखान्याची चाचणीही नसते. परवान्याच्या रिव्हॉल्वरची नळी कापली, चौकटीवर कानस फिरवली, तर ते याच कट्ट्याच्या दिशेने सरकते.

यावर पहिला आक्षेप येईल तो नेमबाजांचा. खेळाडू आपली शस्त्रे हाताबरहुकूम करून घेतातच की! खरे आहे, आणि नाशिकला ते सांगायला नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पण खेळाची नियमावली काय म्हणते ते पाहावे. नेमबाज राही सरनोबत जो प्रकार खेळते, त्या २५ मीटर पिस्तुलात चापाने किमान १००० ग्रॅम वजन पेलले पाहिजे. स्पर्धेआधी वजन लावून तो तपासला जातो. म्हणजे निशाण्यापलीकडे कसलाच धोका नसलेल्या बंदिस्त रेंजवर, जगातल्या सर्वांत सरावलेल्या बोटांनाही तळाची मर्यादा आहे. शिवाय ही शस्त्रे फेरफाराची सोय धरूनच बनलेली असतात. स्क्रू फिरवायचा असतो, खाच घासायची नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा सगळा कायदा मुळात गुलामगिरीचा वारसा नाही का? १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला नि:शस्त्र करण्यासाठीच होता. युरोपियनांना त्यातून सूट होती. विजयानंदमधली पिस्तुले चोरवाटेने यावी लागली, त्यामागे हाच कायदा होता. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला होता. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. उलट अनुच्छेद १९ मध्ये शस्त्रांचा उल्लेख आहे तो 'विनाशस्त्र' जमण्याच्या स्वातंत्र्यापुरता. यावर मतभेद असू शकतात, असावेत. परवाना कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, यातल्या मनमानीची तक्रारही रास्त आहे. पण शस्त्र कुणी बाळगावे हा राजकीय प्रश्न झाला, आणि मिळालेल्या शस्त्राचा घोडा कुणी घासावा हा लोहारकामाचा. पहिल्याचे उत्तर उद्या बदलले, तरी पोलादाचा कडक थर तेवढाच पातळ राहणार आहे.

मग मालकाच्या हाती उरते काय? मूठ. आणि ती थोडकी नाही. सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरची मूठ नांगराच्या मुठीसारखी वळलेली असते. धक्का बसला की ती तळव्यात थोडी फिरते आणि घोडा आपसूक अंगठ्याजवळ येतो. डबल-ॲक्शनची मूठ वेगळी, तिला हात घट्ट धरून ठेवावा लागतो. हाताच्या मापाने जाडी कमी-जास्त केली तर नेम सुधारतो, आणि क्रमांक, नळी, घोडा यांतल्या कशालाही धक्का लागत नाही. फक्त साहित्य निवडताना भान हवे. अमेरिकी जनरल पॅटनच्या कोल्टची मूठ हस्तिदंती होती. इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती हौस भलतीच महागात पडेल. अमेरिकेत 'स्टॅग' म्हणून मिरवल्या गेलेल्या कितीतरी मुठी आपल्या सांबराच्या शिंगांच्या होत्या. शिंगे इथल्या जंगलात गळायची आणि टेक्सासमधल्या कमरेला चढायची! तो व्यापारही आता बंद आहे. शिसव मात्र आहे: घट्ट विणीचा, जड, तेल प्यायला की गडद होणारा. सुतार चांगला असेल तर धातूच्या चौकटीला केसाइतकीही फट राहत नाही.

जुन्या वाड्यांतून, देवळालीच्या बंगल्यांतून कधी आजोबांचे एखादे कोल्ट किंवा वेब्ली निघते आणि 'हे तर अँटिक, याला परवाना कशाला' असा समज असतो. कलम ४५ पुराणवस्तूला सूट देते, पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशालाच. हौसेने अशा शस्त्रात जीव आणणारा माणूस एका दुपारीत शोभेची वस्तू बेकायदा शस्त्रात बदलतो. त्यात कोल्ट कंपनीने धूरविरहित दारूसाठी सिंगल-ॲक्शनची हमी दिली ती १९०० पासून. त्याआधीच्या नगात आजचे काडतूस भरणे म्हणजे सिलिंडरच्या चिरफळ्यांना आमंत्रण. परवान्यावरचे चालू शस्त्र असेल, तर २०१६ चे नियम वारसाला वाट देतात: परवानाधारक वारल्यावर, किंवा हयातीतच त्याला सत्तर वर्षे झाल्यावर वा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी घडेल तेव्हा. नव्या परवान्यावर तोच क्रमांक आणि तीच बोअर उतरते. बापाच्या पंजावर बेतलेली मूठ मात्र लेकीच्या हाताला मोठी होते, आणि तेवढी पुन्हा सुताराकडे जाते.