आधी परवानगी, मग सेवा

जर्मनीत शाळेची शेवटची परीक्षा झाली की बरीच मुलंमुली लगेच विद्यापीठाची वाट धरत नाहीत. वर्षभर कुठेतरी सेवेचं काम करतात. काहीजण त्यासाठी परदेशी जातात. त्यांना पाठवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकींचं चर्चशी नातं आहे. त्यांपैकी एकीची रीत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. आक्ट्सिओन ज्यूनेत्साइशेन फ्रीडन्सडीन्स्टे हे तिचं लांबलचक नाव. प्रायश्चित्ताची खूण म्हणून केलेली शांतिसेवा, असा त्याचा साधारण अर्थ. पुढे सोयीसाठी नुसतं ‘संस्था’ म्हणू.

ही रीत समजायची तर लोथार क्राइसिग या न्यायाधीशापासून सुरुवात करावी लागते. नाझी राजवटीत ब्रांडेनबुर्ग शहरात मनोरुग्ण आणि मतिमंद व्यक्तींच्या पालकत्वाची प्रकरणं त्यांच्या न्यायालयात येत. 1940 मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की रुग्णालयांतून हलवलेले आपले आश्रित एकामागून एक मरताहेत. सरकारच त्यांना मारत होतं. क्राइसिग यांनी न्यायमंत्र्यांना पत्र लिहिलं, मोहिमेचा सूत्रधार फिलिप बूलर याच्यावर खुनाची फिर्याद दिली आणि आपल्या आश्रितांना न्यायालयाच्या संमतीवाचून हलवायचं नाही, असं रुग्णालयांना बजावलं. खुद्द हिटलरच्या सहीचं पत्र दाखवूनही ते बधले नाहीत, तेव्हा त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आलं. जीव वाचला, एवढंच.

पुढे ते प्रोटेस्टंट चर्चच्या कामात मोठ्या पदावर गेले. 1958 च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या श्पांडाऊ भागात चर्चची महासभा भरली होती. तिथे शेवटच्या दिवशी त्यांनी एक आवाहन वाचून दाखवलं. पोलंड, रशिया आणि इस्रायल यांना त्यात विनंती होती, की तुमच्यावर आम्ही जो अत्याचार केला त्यानंतर तुमच्या देशात आमच्या हातांनी काही चांगलं उभं करायची मुभा आम्हाला द्या. गाव, वसाहत, चर्च, दवाखाना, जे तुम्ही सांगाल ते. संस्थेची सारी कार्यपद्धती या विनंतीतून आली आहे.

ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडून लगेच होकार आला नाही, यात नवल काहीच नाही. 1959 मध्ये पहिली दारं उघडली ती नेदरलँड्स आणि नॉर्वे यांनी. माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर नॉर्वेतली गावंच्या गावं जाळली होती. त्याच भागात जर्मन पोरं फावडी घेऊन आली. फ्रान्समध्ये त्यांनी बांधलेलं तेझे इथलं चर्च 1962 मध्ये पूर्ण झालं. इंग्लंडमध्ये जर्मन बॉम्बांनी उद्ध्वस्त केलेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलच्या अवशेषांत त्यांनी काम केलं. 1965 मध्ये उलटा प्रवासही झाला: ब्रिटिश तरुण ड्रेस्डेनला आले आणि ब्रिटिश बॉम्बांनी पडलेलं एक रुग्णालय उभारायला त्यांनी हात लावला. इस्रायलने 1961 मध्ये पहिल्या गटाला येऊ दिलं.

बांधकामाचे दिवस कधीच सरले. आता संस्थेचा स्वयंसेवक विटा रचत नाही. छळछावणीच्या स्मारकात अभिलेखांची कामं करतो, अपंगांच्या घरात मदतनीस असतो, बेघरांच्या केंद्रात जेवण वाढतो. सगळ्यांत अवघड काम मला वाटतं ते म्हाताऱ्यांकडे जाण्याचं. छळछावणीतून वाचलेल्या आजींकडे आठवड्यातून एकदा जायचं, बाजारहाट करून द्यायचा, चहा घेत बसायचं. त्यांना त्या दिवसांबद्दल बोलायचं असेल तर ऐकायचं. नसेल तर हवापाण्यावर बोलायचं. आपण होऊन विचारायचं नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हे गप्प बसणं शिकवावं लागतं.

म्हणून निघण्याआधीची तयारी लांब चालते. निघायचं सप्टेंबरमध्ये, पण अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत करायचा. मग हिवाळ्यात निवडीचं शिबिर. ते चालवण्यात पूर्वी जाऊन आलेल्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: परक्या देशात एकटं पडणं काय असतं हे मुलाखतीच्या टेबलामागच्या अधिकाऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. अर्जदार चर्चचा सदस्य असलाच पाहिजे, अशी अट नाही. देश आणि काम ठरलं की भाषेची तयारी, आणि निघण्यापूर्वी पुन्हा शिबिर. त्यात इतिहासाचा अभ्यास असतोच, शिवाय स्वतःच्या घरात त्या काळाबद्दल काय सांगितलं गेलं आणि काय दडवलं गेलं, याचाही विचार करायला लावतात.

पैशाचं म्हणाल, तर राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च स्वयंसेवकाला मिळतो. बराचसा भार सरकारी आणि युरोपीय योजनांवर पडतो. अशीच एक जर्मन सरकारी योजना 2011 पासून आहे, वयाची 27 वर्षं पूर्ण न झालेल्यांसाठी. बारा महिन्यांच्या सेवेत किमान 25 दिवस शिबिरांना द्यायचे, असा तिचा नियम आहे. उरलेल्या खर्चासाठी स्वयंसेवकाने नातेवाईक, शेजारी, चर्चमधली माणसं यांच्यातून दरमहा थोडी रक्कम देणारे पाठीराखे जमवावेत, अशी अपेक्षा असते. त्यांना वर्षभर पत्रं लिहायची, काय चाललंय ते कळवायचं. दहा-पंधरा ओळखीची माणसं पत्राची वाट बघत असली, की वर्ष सहलीसारखं घालवणं जड जातं.

वर्षभर वेळ देणं शक्य नसलेल्यांसाठी उन्हाळी शिबिरं आहेत, दोन-तीन आठवड्यांची. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलेल्या वाचकांना त्यांची कल्पना चटकन येईल. संस्थेच्या या शिबिरांत ज्यूंच्या जुन्या दफनभूमीतलं गवत काढण्यासारखी कामं असतात.

ही संस्था मुख्यतः जर्मन तरुणांना बाहेर पाठवते आणि जिथे पाठवते त्या देशांतल्या काही तरुणांना जर्मनीत आणते. आपल्याकडच्या ज्यांना जर्मनीत असं सेवेचं वर्ष करायचंय, त्यांनी तिथल्या स्वेच्छासेवेच्या दोन सरकारमान्य योजना पाहाव्यात. डियाकोनी आणि कारितास या चर्चच्या सेवासंस्था त्यांतून वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत जागा देतात. जर्मन बऱ्यापैकी यायला हवी आणि व्हिसासाठी हातात काही महिने हवेत. ही नोकरी नव्हे; मिळतो तो हातखर्च. पण जागा मिळवून देण्याचे लाखो रुपये कुणी एजंट मागत असेल, तर त्याला पैसे देण्याआधी जागा देणाऱ्या सेवासंस्थेला स्वतः लिहून खात्री करून घ्या.