तलावाकाठची विश्रांती

दारव्ह्याहून नागपुरास गेलेला मुलगा अंबाझरीचा तलाव पाहून आला म्हणजे तेथील गार वारा व पाण्याकाठची बाग यांचे वर्णन करून थकत नाही. ही बाग १९५८ सालची. तलाव मात्र तिच्याहून पुष्कळ जुना, आणि त्याचे प्रयोजनही निराळे. नागपूरकरांस पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बिनी नामक इंग्रज अभियंत्याने अंबाझरीवरून केलेली पाण्याची योजना १८७३ साली सिद्ध झाली. सारांश, तहान भागविण्यासाठी अडविलेल्या पाण्याच्या काठी आपण विश्रांती घेतो.

पावसाचे पाणी मातीचा बांध अडवितो. अधिक झालेले सांडव्यावरून नाग नदीस मिळते. बांधावर मोठे वृक्ष वाढले, तर सावली मिळते खरी. परंतु मुळांच्या वाटेने पाणी झिरपून बांध दुर्बळ होतो. सांडव्यापुढची वाट अडली, तर पाणी वस्तीत शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने हा तलाव ओसंडला, खालच्या वस्त्या जलमय झाल्या व शहरात प्राणहानीही झाली.

म्हणून पाण्याकाठी जावे, खेळावे, पक्षी पाहावे. परंतु उष्ट्या पत्रावळी तेथे टाकू नयेत, आणि बांधाजवळ पाणी खोल असते, तेथे उतरू नये. पालकांनीही मुलांस एकटे सोडू नये. ईश्वराने दिलेले जल ज्यास राखता येते, त्यासच त्याचा खरा आनंद लाभतो.