अनेक विद्यापीठांचा एक विद्यार्थी

तंजावर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी प्रथम आठवतात : बृहदीश्वराचे देवालय आणि सरफोजी महाराजांचा सरस्वती महाल. देवालयाच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही पाहावयास मिळतो. तो बालबोध अक्षरांत असल्यामुळे कोणाही साक्षर मराठी यात्रेकरूस थोड्याशा प्रयत्नाने लावता येतो. सरस्वती महालातील मोडी दफ्तराची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे सुमारे ४९,००० हस्तलिखिते असून त्यांत मराठीची ३,००० हून अधिक आहेत; शिवाय मराठी राजवटीतील कागदपत्रांची १,३०० हून अधिक बाडे आहेत, ती बहुतांशी मोडीत. देवस्थानांचे हिशेब, इनामे, राजवाड्याचा नित्याचा खर्च, वैद्यक असे नाना विषय त्यांत आले आहेत. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. त्याच्या पावणेदोनशे वर्षांच्या जीवनाचा हा लेखी साक्षीदार होय. परंतु साक्ष ऐकून घेणारा कोणी असेल तरच साक्षीदाराचा उपयोग!

हे दफ्तर वाचावयास काय काय यावे लागते, याचा विचार करून पाहा. प्रथम मोडी. या लिपीत लेखणी न उचलता अक्षरास अक्षर जोडीत जावयाचे, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाही, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. दुसरे, अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील दरबारी मराठी. तिसरे, तमिळ, कारण गावांची, मापांची, धान्यांची व देवळांतील सेवेकऱ्यांची नावे तमिळ आहेत. यांखेरीज तेलुगू व संस्कृत यांचा परिचय, आणि दक्षिणेतील जमीनमहसुलाचे ज्ञान. एवढी सारी विद्या एकाच विद्यापीठाच्या एकाच विभागात नांदेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. मोडीचे जाणकार पुण्यामुंबईकडे अधिक. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या क्षेत्रात काम करीत आले आहे. तमिळचे व ताडपत्रांचे अभ्यासक तंजावरातच, १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात आहेत. विद्या अशी वाटली गेली आहे आणि तिची गरज असलेला विद्यार्थी एक आहे. अनेक विद्यापीठांनी मिळून ऑनलाइन पद्धतीने चालविलेल्या पदव्युत्तर शिक्षणाचे मर्म या एका उदाहरणात सापडते.

पूर्वी अशा वेळी विद्यार्थ्याने प्रवास करावयाचा हाच मार्ग होता. ज्याला प्रवास शक्य नसे, त्याला शिक्षणही शक्य नसे. ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न जुने आहेत. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षांस बसू दिले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. या सर्वांनी विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यामधील अंतर तोडले. परंतु एका विद्यापीठाची विद्या दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास मिळावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे मुख्यत्वे नव्हता.

तो प्रश्न १९८४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीने हाती घेतला. निरनिराळ्या विद्यापीठांतील अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांची व्याख्याने ती उपग्रहाच्या द्वारे नोकरीत असलेल्या अभियंत्यांपर्यंत त्यांच्या कामाच्या ठिकाणी पोचवी, आणि पदवी स्वतः देई. त्याच देशात पुढे दुसरी एक रीत रूढ झाली. तीत विद्यार्थी एका विद्यापीठात प्रवेश घेतो. त्याला आपण ‘घरचे विद्यापीठ’ म्हणू. विषय मात्र तो सहभागी असलेल्या सर्व विद्यापीठांतून निवडतो. अखेरीस पदवी घरच्या विद्यापीठाची मिळते.

या रीतीचा सारा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. ती म्हणजे श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे साधारणतः सत्रभर दर आठवड्यास १ तासाचे अध्यापन. हे शिक्षणाचे नाणे होय. बाजारात निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एका भावाने चालली तरच व्यापार चालतो. तसेच एका विद्यापीठात कमावलेला श्रेयांक दुसऱ्याने बिनतक्रार मान्य केला, तरच अनेक विद्यापीठांचा एक अभ्यासक्रम होऊ शकतो.

भारतात या नाण्याची व्यवस्था गेल्या काही वर्षांत हळूहळू होत आली आहे. २००३ मध्ये सात आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन आपली व्याख्याने सर्वांस खुली करण्याचा उपक्रम आरंभिला. तो ‘एनपीटीईएल’ या नावाने ओळखला जातो. २०१४ पासून त्यात परीक्षा व प्रमाणपत्रेही आली. विद्यार्थ्याने दर आठवड्याची व्याख्याने आपल्या घरी पाहावीत, प्रश्न सोडवून पाठवावेत, आणि अंतिम परीक्षेस मात्र नेमलेल्या केंद्रावर स्वतः हजर व्हावे, अशी ही पद्धत आहे. १२ आठवड्यांच्या अभ्यासास साधारणपणे ३ श्रेयांक धरले जातात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर निरनिराळ्या संस्थांचे अनेक विषयांचे अभ्यासक्रम एकत्र आले. एका सत्रातील किती विषय असे बाहेरून घेता येतील, यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. त्याच वर्षी श्रेयांकांची पेढी निघाली. तीत विद्यार्थ्याच्या नावे खाते असते. निरनिराळ्या संस्थांत मिळविलेले श्रेयांक तेथे जमा होतात व पदवीच्या वेळी वटविता येतात. मात्र निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेचेच असले पाहिजेत, असा त्या नियमांचा दंडक आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. परदेशी विद्यापीठांशी मिळून संयुक्त पदवी देण्यास आयोगाने २०२२ च्या नियमांनी परवानगी दिली. परंतु ते नियम ऑनलाइन व दूरस्थ शिक्षणास लागू नाहीत. म्हणून अनेक विद्यापीठांची नावे मिरविणारी एखादी जाहिरात दिसली, तर प्रवेशापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पदवीपत्रावर सही कोणाची? तिला आपल्या देशात मान्यता आहे काय? परीक्षा कोठे व कशी होणार? आणि अडचण आली तर तीन विद्यापीठांपैकी कोणाच्या दारात जावयाचे? यांतील शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण अनेक यजमान असलेल्या घरी पाहुणा उपाशी राहण्याचा संभव असतो, हे अनुभवी माणूस जाणतो. प्रत्येक विद्यापीठाचे सत्र वेगळ्या दिवशी सुरू होते, गुण देण्याची रीत वेगळी असते, ग्रंथालयाचे नियम वेगळे असतात. ही जुळवाजुळव जेथे संस्था करीत नाहीत, तेथे ती विद्यार्थ्याच्या माथी येते, आणि त्याचा अभ्यासाचा वेळ अर्ज करण्यात जातो.

आता पुन्हा तंजावराकडे वळू. तेथील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळची छटा मिसळली आहे, पण ती मराठीच आहे. अशा एखाद्या घरातील मुलगी पदवीधर झाली आहे आणि आपल्या पूर्वजांचे कागद वाचावेत अशी तिला हौस आहे, असे समजा. नोकरीमुळे किंवा घरच्या वडीलधाऱ्यांमुळे दोन वर्षे पुण्यास जाऊन राहणे तिला शक्य नाही. तिने मोडीचा व मराठ्यांच्या राज्यकारभाराचा विषय महाराष्ट्रातील विद्यापीठाकडून घ्यावा, तमिळ शिलालेख व हस्तलिखिते तमिळ विद्यापीठातून शिकावीत, संस्कृत तिसरीकडून घ्यावे, आणि प्रत्यक्ष वाचनाचे काम घरापासून हाकेच्या अंतरावर सरस्वती महालात करावे. असा संयुक्त अभ्यासक्रम आखता येण्याजोगे नियम आता बऱ्याच अंशी हाताशी आहेत. उणीव आहे ती विद्यापीठांनी एकत्र बसून तो आखण्याची.

पण केवळ पडद्यावरच्या व्याख्यानाने मोडी येईल, असे कोणी समजू नये. कागदावरील एखादे अक्षर ‘र’ आहे की ‘न’, यावर साऱ्या ओळीचा अर्थ अवलंबून असतो. तेथे शेजारी बसून ‘पुन्हा पाहा’ असे म्हणणारे माणूस लागते. जी गोष्ट मोडीची, तीच रसायनशाळेची, तीच शस्त्रक्रियेची. म्हणून दूर अंतरावरून चालणाऱ्या कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमास एक जवळचे ठिकाण असावे लागते : ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा दफ्तरखाना. व्याख्यान दुरून येऊ शकते. हाताचे वळण जवळूनच लागते. तंजावराचे भाग्य असे की, इतर ठिकाणी जे जवळचे स्थान मुद्दाम उभारावे लागेल, ते येथे आयते आहे.

सरफोजी महाराजांनी हेच वेगळ्या रीतीने केले होते. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्याकडून पाश्चात्त्य विद्या घेतलेल्या या राजाने आपल्या पदरी पंडित, वैद्य व लेखक एकत्र आणले, मराठी छापखाना काढला, आणि १८२०-२१ च्या काशीयात्रेत हस्तलिखिते मिळविली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदीदेखील त्यांच्या संग्रहात जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांच्यापाशी राजाचे द्रव्य होते. म्हणून दूरदूरची विद्या एका गावी आणता आली. आजच्या सामान्य घरातील विद्यार्थ्यापाशी ते द्रव्य नाही. राजाने एकट्याने केले, ते आता विद्यापीठांनी मिळून करावयाचे आहे.

आणि त्यास फार उशीर लावणे परवडणारे नाही. कागद जीर्ण होत असतो, शाईचा रंग उडत असतो, आणि मोडीचे जाणकार उतारवयाकडे झुकत असतात. कागदाचे छायाचित्र घेऊन त्याचे आयुष्य वाढविता येते; वाचणाऱ्याच्या दृष्टीचे छायाचित्र घेता येत नाही. ती दृष्टी एका पिढीने दुसरीस दिली तरच टिकते. देणारा पुण्यास आणि घेणारी तंजावरात असली, तरी ती देता यावी, यासाठी विद्यापीठांमधील कुंपणाला एक दार ठेवणे एवढेच आवश्यक आहे.