वटवाघळांच्या घशातली चिठ्ठी

वटवाघूळ म्हटले की आपल्याला पडका वाडा आठवतो. त्यात २०२१ साली बातमी आली, की महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणू सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये ती वटवाघळे तपासली होती. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे शेजारी माझ्याकडे आले. प्रश्न एकच : 'मास्तर, देवळामागचा वड तोडून टाकायचा का?'

मी म्हटले, आधी 'सापडला' म्हणजे काय ते पाहू. वटवाघळाच्या घशातून कापसाच्या बोळ्याने स्राव घेतात आणि त्यात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, शोधतात. विषाणू घडवण्याच्या सूचना लिहिलेली ती चिठ्ठी असते. चिठ्ठीचा तुकडा मिळाला तर विषाणू तिथे येऊन गेला एवढे कळते; तो जिवंत आहे, माणसाला लागेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

पण ती चिठ्ठी वाचता येते, हे मोलाचे. मे २०१८ मध्ये केरळात कोझिकोडे परिसरात निपाहची साथ आली. सरकारी नोंदीप्रमाणे १७ माणसे दगावली. रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी त्यांपैकी एक. पहिला संशय रुग्णाच्या घरच्या विहिरीतल्या वटवाघळांवर गेला. ती निघाली कीटक खाणारी, आणि तपासणीत निर्दोष. मग त्या भागातली मोठी फळखाऊ वटवाघळे तपासली. ५२ पैकी १० जणांत निपाहचा आरएनए मिळाला, आणि तो रुग्णांमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

तरीही त्या साथीत बहुतेकांना लागण झाली ती माणसाकडूनच, आणि तीही मुख्यतः रुग्णालयांत. बांगलादेशात वाट वेगळी. तिथे रात्री खजुरीला रसासाठी मडकी लावतात. वटवाघळे तो रस चाटतात, त्यात त्यांची लाळ व मूत्र पडते आणि सकाळी माणसे तो कच्चा प्यायची. मडक्याभोवती बांबूची जाळी बांधली की वटवाघूळ रसाजवळ येत नाही, असे तिथल्या प्रयोगांत दिसले. त्यासाठी एकही झाड पाडावे लागले नाही.

झाड तोडले तर वटवाघळे दुसऱ्या झाडावर जातील, एवढेच. शिवाय वड, उंबर यांच्या बिया दूरवर नेऊन टाकणारी हीच मंडळी. त्यांचे काम दुसऱ्या कोणाला सांगणार?

सांभाळायचे ते आपण. उष्टावलेले, चोच-दात लागलेले फळ खाऊ नये, मुलांना उचलू देऊ नये. फळे धुऊन, सोलून खावीत. मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये आणि गुहेत शिरून त्यांना डिवचू नये. शास्त्रज्ञांनी मात्र ही तपासणी दरवर्षी चालू ठेवावी, बातमी नसेल तेव्हाही.