एक मेमरी, दोन वहिवाटदार



संगणकात मेमरी असते, हे आपण पुस्तकात वाचतो. पण ती मेमरी एकाच वेळी दोघे जण वापरतात आणि त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून केवढा काटेकोर कारभार चालतो, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून सातवीतर्फे मी हा विषय घेतला आहे.

पहिला वापरणारा म्हणजे प्रोसेसर. तो एकामागून एक कामे झपाट्याने उरकतो. दुसरा ग्राफिक्स प्रोसेसर. त्याच्यात गणित करणारे हजारो छोटे भाग असतात आणि ते सगळे एकदम कामाला लागतात. एवढी फौज कशाला? गुणाकार करून पाहा. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. हलते चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचे, तर एका सेकंदात १२,४४,१६,००० ठिपके रंगवावे लागतात! ही फौज आता नुसती चित्रेच काढत नाही, मोठी गणितेही करते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत २०२० साली उभारलेला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक अशाच प्रोसेसरांच्या बळावर चालतो.

अशा मोठ्या संगणकांत ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुष्कळदा वेगळी असते. मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने माहितीची नक्कल करून तिकडे पाठवायची आणि उत्तर परत आणायचे, अशी जुनी रीत. यात वेळ जातोच, शिवाय पत्ते चुकतात. ते कसे? खजिना शोधायच्या खेळात पहिली चिठ्ठी सांगते, "दुसरी वडाखाली आहे." माहितीतही पुढच्या भागाचे असेच पत्ते लिहिलेले असतात. सगळ्या चिठ्ठ्या उचलून दुसऱ्या गावाला नेल्या, तर तिथे तो वड कुठून आणायचा?

यावर उपाय म्हणजे एकच पत्ता दोघांनाही चालला पाहिजे. ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमची. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २०१७ साली ४.१४ या आवृत्तीत त्यासाठी खास सोय आली. तिला एचएमएम म्हणतात.

पालकांना हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब. मेमरीचे साधारणपणे ४,०९६ बाइटचे तुकडे पाडतात. त्या तुकड्याला पान म्हणतात. कोणते पान कुणाचे आणि कुठे आहे, याची नोंद दप्तरात असते. त्या दप्तराचे नाव पेज टेबल. प्रोसेसर ते बघून चालतो. ग्राफिक्स प्रोसेसरकडे त्याचे स्वतःचे टेबल असते. ते म्हणजे दप्तरावरून काढून घेतलेला उतारा.

ग्राफिक्स प्रोसेसरला हवे ते पान त्याच्या उताऱ्यात नसले, की तो थांबतो आणि विचारणा करतो. मग ऑपरेटिंग सिस्टीम नोंद भरून देते, किंवा पानच कार्डाच्या मेमरीत हलवते. हलवलेल्या पानाला प्रोसेसरने हात लावला, तर ते परत आणते. पत्ता मात्र तोच राहतो.

आता खरी धोक्याची गोष्ट ऐका. जमीन विकली, फेरफार झाला, पण एकाच्या खिशात जुना उतारा राहिला. तो घेऊन त्याने नांगर घातला, तर भलत्याचंच पीक जाईल ना? तसंच, प्रोग्रामने सोडलेले पान दुसऱ्या प्रोग्रामला मिळाले आणि ग्राफिक्स प्रोसेसर जुन्या नोंदीवरून तिथेच लिहीत राहिला, तर दुसऱ्याची माहिती बिघडेल. कदाचित ती परक्याला वाचताही येईल. आणि कुठे घंटासुद्धा वाजणार नाही!

म्हणून नियम कडक आहे. पान हलवण्याआधी किंवा दुसऱ्याला देण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम ग्राफिक्स प्रोसेसरच्या ड्रायव्हरला कळवते. ड्रायव्हर उताऱ्यातली नोंद खोडतो. त्या पानावरचे हातचे काम संपेपर्यंत सगळे थांबतात. मगच पान पुढे जाते. आधी जुना उतारा रद्द, मग नवा मालक.

आपल्या घरातल्या मोबाईलमध्ये दोघांची मेमरी बहुधा एकच असते, त्यामुळे कार्डावर नेण्या-आणण्याची दगदग नाही. पण उतारे दोन आहेत, म्हणून हा नियम तिथेही लागतो.

या सोयीची किंमतही आहे. दोघे आळीपाळीने एकाच पानाला हात लावू लागले, तर पान नुसते येरझारा घालते आणि काम रखडते. म्हणून कोणते पान कुणाला जास्त लागणार, याचा विचार चांगला प्रोग्रामर आधीच करतो.

सांगा पाहू: १,०७,३७,४१,८२४ बाइट मेमरीची ४,०९६ बाइटची किती पाने होतील? उत्तर मधल्या सुट्टीत मला सांगा. पालकांनीही सोडवायला हरकत नाही!