ओहम जुळले, तरी पुरे नाही

श्रोतेहो, एखादा सौरकंदील उघडून पाहा. आतल्या पाटीवर तांदळाच्या कणीएवढे काळे चौकोनी तुकडे चिकटलेले दिसतील. त्यांना ना तारा, ना रंगीत पट्टे. हेच आजचे रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला आवर घालणारे रोधक. जुन्या रोधकाच्या तारा पाटीच्या भोकांतून ओवून मागून डाख द्यावा लागे. हा नवा रोधक पाटीच्या पृष्ठावरच डाखाने बसवतात. म्हणून त्याला सरफेस माउंट म्हणायचे.

याची घडण साधी आहे. चिनी मातीसारख्या कठीण, पांढऱ्या तुकड्यावर रोध करणारा पातळ थर, त्यावर संरक्षक लेप आणि दोन्ही टोकांना धातूचे आवरण. लेसर किरणाने थराला बारीक खाच पाडून रोध नेमका करतात.

आता पाठीवरचे अंक वाचू. पहिले दोन अंक जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसरा सांगेल तितकी शून्ये पुढे मांडायची. म्हणजे ३३१ हे तीनशे एकतीस नव्हेत, ३३० ओहम! १०३ म्हणजे १०,००० ओहम. चार अंक असले, तर पहिले तीन घ्या. शून्ये चौथा सांगतो. ४आर७ मधला आर हे दशांशचिन्ह, म्हणजे ४.७ ओहम. नुसते शून्य असले, तर तो केवळ दोन वाटा जोडणारा पूल. काही लहान तुकड्यांवर काहीच छापलेले नसते. तेव्हा वीज बंद करून, एक टोक सोडवून मीटरने मोजावे. पाटीवर तसेच मोजले, तर शेजारच्या भागांमुळे आकडा फसवा येतो.

पण ओहम जुळले की काम झाले, असे नाही. रोधक अडवलेल्या विजेची उष्णता करतो आणि ती सोसण्याची ताकद त्याच्या आकारावर असते. आकाराचे नाव इंचाच्या शतांशांत असते. १२०६ म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर लांब व १.६ मिलिमीटर रुंद. तो साधारणपणे पाव वॅट सोसतो, ०८०५ एक अष्टमांश वॅट, तर ०६०३ एक दशांश वॅट.

हिशेबच करून पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचा आहे. तो सुमारे ३ व्होल्ट घेतो. उरलेले ९ रोधकाने झेलायचे. प्रवाह २० मिलिअँपियर हवा, म्हणून ९ ला ०.०२ ने भागले की ४५० ओहम आले. बाजारात जवळचा मिळतो ४७० चा. त्यावर सुमारे ०.१७ वॅट खर्च होतील. म्हणजे १२०६ चालेल, असे वाटते. पण थांबा! सोलर पॅनेलवर भरत असताना शिसे-आम्लाच्या बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. मग रोधकावर ११.४ व्होल्ट येतात आणि खर्च ०.२८ वॅट होतो. पाव वॅटाचा तुकडा तापून काळवंडणार.

यावर उपाय सोपा. ३३० ओहमचे दोन १२०६ एकापुढे एक जोडा. आता १४.४ व्होल्टलाही प्रवाह सुमारे १७ मिलिअँपियर राहतो आणि प्रत्येकावर ०.१ वॅट पडतो, म्हणजे ताकदीच्या निम्म्याहूनही कमी. उजेड किंचित मंद, पण दिवा टिकाऊ.

दाबालाही मर्यादा असते. १२०६ सहसा २०० व्होल्टपर्यंतच सोसतो, तर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टांवर जाते. म्हणून तो दिवा जाणकाराकडेच द्यावा.

शिक्षकांनी हे गणित बॅटरीवर वर्गात जरूर करून दाखवावे. बैल निवडताना आपण त्याचा नुसता रंग पाहत नाही, ओझे ओढण्याची ताकदही पाहतो. रोधकाचेही तसेच: ओहम, वॅट आणि व्होल्ट तिन्ही पाहावेत, आणि तेही सर्वांत कठीण वेळ धरून.