नेकारच्या काठावरचे तीन विद्यार्थी आणि एक सुतार



आज आपण नेकार नदीच्या खोऱ्यात फिरणार आहोत. नैर्ऋत्य जर्मनीतली ही नदी श्वेनिंगेनजवळ उगम पावते, ट्युबिंगेन, एस्लिंगेन, स्टुटगार्ट, हायडेलबर्ग अशी गावं घेत सुमारे ३६० किलोमीटर वाहते आणि मानहाइमला ऱ्हाइनला मिळते. काठावर द्राक्षमळे, लाकडी चौकटींची जुनी घरं, टेकड्यांवर किल्ले. प्रवासी बहुधा हायडेलबर्गचा पडका राजवाडा पाहून परततात. आम्ही मात्र ट्युबिंगेनला जास्त रमलो. का, ते सांगतो.

ट्युबिंगेनचं विद्यापीठ १४७७ सालचं. तिथं 'श्टिफ्ट' नावाचं वसतिगृह आहे. मूळचा हा मठ. धर्मसुधारणेनंतर तिथं प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या मुलांची राहण्या-शिकण्याची सोय झाली. ग्रहगतीचे नियम मांडणारा केप्लर इथलाच विद्यार्थी. १७९० नंतर इथं तीन मुलं एका खोलीत राहत होती: हेगेल, शेलिंग आणि ह्योल्डर्लिन. तिघंही याच मुलखातली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या बातम्यांनी भारावलेली. पुढे दोघं तत्त्वज्ञ म्हणून गाजले, तिसरा कवी झाला.

आता बघा, श्टिफ्टपासून नदीच्या बाजूनं चार पावलं चाललं की 'बुर्से' नावाची जुनी इमारत लागते. १८०६ साली तिथं रुग्णालय होतं. मन बिघडलेल्या ह्योल्डर्लिनला तिथं दाखल केलं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी हात टेकले. हा फार तर तीन वर्षं जगेल, असं सांगून त्याला सोडलं. त्याला घरी नेलं एर्न्स्ट त्सिमर नावाच्या सुतारानं. नातं काहीच नाही. त्यानं ह्योल्डर्लिनची 'हायपेरियन' ही कादंबरी वाचली होती आणि ती त्याला आवडली होती, एवढंच!

नदीकाठच्या त्या घराच्या बुरुजात कवी ३६ वर्षं राहिला, १८४३ साली वारला. त्सिमर आधीच गेला होता. नंतर त्याच्या मुलीनं सगळं पाहिलं. खर्चाचे पैसे कवीच्या आईकडून येत, त्सिमर हिशेब पाठवी. हेही सांगितलं पाहिजे, उगाच कुणाला देवमाणूस करायला नको. पण पैसे देऊन माणूस सांभाळता येतो, त्याला माणूस म्हणून वागवणं पैशानं होत नाही.

त्सिमरच्या १८१२ च्या एका पत्रात एक प्रसंग आहे. देवळाचं चित्र पाहून ह्योल्डर्लिन म्हणाला, मला असं लाकडाचं करून दे. सुतार म्हणाला, बाबा, मला पोटासाठी काम करावं लागतं. तुझ्यासारखं तत्त्वज्ञाच्या निवांतपणात राहायचं भाग्य माझं नाही. त्यावर कवीनं तिथल्याच फळीवर पेन्सिलनं कविता लिहून दिली. आणि सुतारानं ती जपली, पत्रात उतरवून त्याच्या आईला कळवली.

१८०७ साली कवी त्या घरात आला, त्याच साली हेगेलचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो की दुसऱ्यानं आपल्याला ओळख दिल्याशिवाय आपण पुरते 'मी' होत नाही. आम्ही हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. आमच्या आईची स्मृती गेली तेव्हा मात्र आम्ही तिला सारखं दुरुस्त करत राहिलो: अगं, असं नाही, तसं. ती गप्प होत गेली. त्या बुरुजातल्या गोल खोलीत, खाली वाहणारी नेकार पाहताना, हे आम्हाला उशिरा उमगलं.

यात हेगेलला कमी लेखायचं नाही. तो याच नदीच्या काठी हायडेलबर्गला १८१६ ते १८१८ प्राध्यापक होता, आणि त्याचा विचार आजही उपयोगी पडतो. पण विचार मांडणारा आणि तो जगणारा एकच असतो असं नाही.

बुर्सेमध्ये आज विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आहे. कधी गेलात तर तिथून उतरून सुताराच्या घरापर्यंत जरूर चाला. अंतर अगदी थोडं आहे. आम्हाला ते कापायला चाळीस वर्षं लागली.

आज इथेच थांबू.